फडातलं पाणी

(पहाट. वाळवा तालुक्यातला उसाचा फड.)

पहिला घाव बुडाशी. ऊस जमिनीसरसा तुटला पाहिजे, कारण साखर बुडख्यात जास्त असते. मग पाचट म्हणजे वाळका पाला सोलायचा, वाढं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला छाटायचा, ऊस ओळीनं टाकत पुढं सरकायचं. मागून येणारी बाई मोळी बांधते. तिला दोर लागत नाही, वाढ्यांनाच पीळ देऊन ती मोळी आवळते. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढायचं, टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून आलेली ही टोळी. आता मार्च उजाडलाय.

(बांधावरचा कॅन.)

बाभळीच्या सावलीतला हा पाण्याचा कॅन सकाळी भरून आणलाय. साडेअकरा वाजले, गडीमाणसं दोनदा येऊन पिऊन गेली. बायांपैकी कुणी फिरकलेलं नाही.

"पाणी पिलं की जावं लागतं. अन् जायचं कुठं? चारी बाजूंनी ऊस तोडून मोकळा केलाय आम्हीच."

टोळीतल्या मामी हे बोलताना हात थांबवत नाहीत. त्यांच्या डाव्या जबड्याखाली बघा, सुपारीएवढी सूज आहे. भाकरीचा घास तोंडात घेतला की ती वाढते, ठणकते, तासाभरानं ओसरते.

(मिरज. तपासणीची खोली.)

आपल्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानाच्या पुढं एक, जबड्याखाली एक, जिभेखाली एक, अशा दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठ्या ग्रंथी. लाळ बनते ती अंगातल्या पाण्यातून. पाणी कमी पडलं की लाळ घटते, दाट होते, नळीत साचते. वाहती लाळ तोंडातले जंतू धुऊन नेते. वाहायची थांबली की तेच जंतू नळीतून उलटे वर, ग्रंथीत शिरतात. साचलेल्या लाळेत क्षार बसून खडाही होतो. दहापैकी आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीत सापडतात, कारण तिची नळी लांब, चढाची आणि तिथली लाळ मुळात चिकट. घास बघितला की लाळ सुटते, वाट अडलेली असते, म्हणून ऐन जेवताना दुखतं.

डॉक्टरांची बोटं कशी फिरताहेत, नीट बघून घ्या. कानापुढून गालावर, पुढच्या बाजूला. जबड्याखाली मागून हनुवटीकडं. हळूहळू, दाब देत, आधी कोमट फडक्यानं शेकून. जोडीला लिंबाची फोड, चिंचेचं बोटूक किंवा आवळा चघळायचा. आंबटानं लाळ सुटते आणि नळी धुतली जाते. फडात तर चिंच सहज कनवटीला राहते. दात सकाळ-रात्र ब्रशनं घासायचे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिनं तोंड स्वच्छ होत नाही. रक्तदाबाच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी मनानं बंद करायची नाही.

ताप आला, सूज लाल झाली, तोंडात पू उतरला, तर त्याच दिवशी दवाखाना. गळू झालं तर चिरावं लागतं.

(कोप्या, टोळीच्या झोपड्या. खेळणारी मुलं.)

मुलांची गालफुगी, म्हणजे गालगुंड, निराळी. ती विषाणूची, शिंका-खोकल्यातून पसरणारी. सूज आल्यापासून पाच दिवस त्या मुलाला बाकीच्यांत मिसळू द्यायचं नाही. आपल्याकडं सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालफुगीची त्यात नाही. ती हवी तर बालरोगतज्ज्ञाकडं विकत घ्यावी लागते, आणि कोपीतल्या आईला तो खर्च पेलत नाही. ही लस सरकारनं द्यायला हवी.

(पुन्हा फड. चार बांबू.)

हे चार बांबू शेतमालकानं दिले. खताची रिकामी पोती टोळीतल्या पोरींनी उसवून शिवली. बांधाच्या कडेला खड्डा, भोवती पोत्यांचा आडोसा, आत पाण्याची बादली. कामाला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

बाभळीखाली आता बाया बसल्यात. मामींच्या हातात तांब्या आहे, सकाळपासूनचा तिसरा.

उद्या हा फड संपेल. बांबू उपटून ट्रॉलीवर टाकायचे आणि पुढच्या फडावर ऊस तोडायच्या आधी रोवायचे, असं मुकादमानं कबूल केलंय.