रीफ टँकची वाळू: किती आणि कुणासाठी?

चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचे दोन-चार थेंब सोडले, की ती फसफसते. ही अरॅगोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रात ती प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून बनते. पॅरटफिश शेवाळ खरवडताना खडकही चावतो आणि पोटातून वाळू बाहेर टाकतो, तीही हीच. शेजारची सिलिका वाळू मात्र ढिम्म. रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, बहुतेक जण अरॅगोनाइटच घेतात.

तिच्यामुळे पीएच आपोआप सांभाळला जातो असं सांगतात. त्यावर विसंबू नका. टाकीतल्या पाण्याचा पीएच साधारण 8 च्या आसपास असतो, आणि तिथे अरॅगोनाइट विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, मोजावीच लागते.

दाणा ठरवायचा तो राहणाऱ्यांकडे बघून. हॅलिकोरिस मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. त्यांना मऊ, बारीक वाळू लागते आणि ती किमान 5 सेंटिमीटर तरी खोल हवी. भरड चुऱ्यात त्यांचं अंग सोलवटतं, शिवाय खाद्य आणि विष्ठा फटींत अडकून कुजतात. पण टाकीत जोरदार प्रवाह लागणारी प्रवाळं असतील, तर साखरेएवढा दाणा उडून त्यांच्यावरच बसतो. तिथे 1 ते 2 मिलिमीटरचा दाणा बरा.

आता खोली. 3 ते 5 सेंटिमीटरचा थर बहुतेकांना पुरतो. 10 सेंटिमीटरच्या पुढे कारभारच वेगळा. वर ऑक्सिजन असतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली ऑक्सिजन संपतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. काचेलगत वाळूत अडकलेले बुडबुडे दिसतात ना, ते याचेही असू शकतात. पण असा थर एकदा जमला की ढवळायचा नाही. तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो: काळा पट्टा, कुजक्या अंड्यांचा वास, आणि माशांच्या जिवाला धोका. हे निभावायची तयारी नसेल, तर उथळ थरच ठेवा.

मांडताना खडक आधी, वाळू नंतर. पिस्टल श्रिंप दिवसभर बीळ उकरते. वाळूवर टेकलेला खडक एक दिवस कलंडतो. कोरडी वाळू धुवून घ्या, जिवाणूंसकट पाकिटात येणारी धुवू नका.

नव्या टाकीत वाळूवर तपकिरी थर चढतो. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. उगाच औषधं ओतू नयेत.

सफाईला वाळूतले काही जीवही मदत करतात. नासारियस गोगलगायी वाळूत दडून बसतात, वर फक्त बारीकशी सोंड. खाद्याचा वास लागला की चहूकडून वाळू फोडून बाहेर येतात. वाळू चाळणारा तारामासा मात्र लहान टाकीत घेऊ नये. थरातले जीव संपवतो आणि मग स्वतः उपाशी मरतो.

उथळ थर सायफनने, म्हणजे पाण्यासोबत घाण ओढून घेणाऱ्या नळीने, साफ करता येतो, पण एका वेळी एकच भाग. उरलेला पुढच्या पाणीबदलाला. वाळूची ढेकळं होऊ लागली तर अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासा. आणि एखाद्या कोपऱ्यात तळाची काच उघडी पडली, तर तिथे नवी वाळू टाकण्याआधी पंपाचं तोंड थोडं वर फिरवा.