मटकीचा सिनेमा

नमस्कार, श्रोतेहो.

कॉलेजातली मुलं आणि त्यांचं फोटो, सिनेमा, गाणंबजावणं, असा विषय मला दिलाय. मी काही त्यातला जाणकार नाही. नाशकात रविवार कारंजाजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो आणि लग्नं, एवढीच माझी विद्या. पण गेली दोन वर्षं माझी भाची कॉलेजसाठी आमच्याकडे पंचवटीत राहते, त्यामुळे हा विषय रोज आमच्या स्वयंपाकघरात मांडलेला असतो. ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी.

तिला फोटोंचा नाद लागला तो रंगपंचमीला. आपल्याकडच्या रहाडी तुम्हाला ठाऊकच आहेत. पेशवाईपासूनचे ते हौद, वर्षभर जमिनीखाली झाकलेले, आणि त्या एका दिवशी उघडून रंगाने भरायचे. तिथे धप्पा, म्हणजे रंगात उडी, मारणाऱ्यांचे फोटो काढायला ही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेली. फोन वाचला, फोटो सगळे धूसर आले. मला म्हणाली, मामा, तुमच्या काळी कसं करायचात? म्हटलं, आमच्या काळी रोलमध्ये ३६ फोटो असायचे, त्यामुळे आम्ही रहाडीच्या जवळच जायचो नाही.

फोटोवरून गाडी सिनेमावर आली. नाशकात ती येणारच. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा, आणि गेले तेही नाशकातच, १९४४ साली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे शाळेतली पोरंही सांगतात. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी एक चिमुकली फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिनाभराहून जास्त दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली. ती दाखवून त्यांनी पैसे लावणाऱ्यांना पटवलं. आणि सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी, घरचं सगळं आवरून रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोकं पाडत बसायच्या. त्यांचं नाव आपण फार कमी घेतो, म्हणून मुद्दाम घेतलं.

तर हे भाचीने कुठेतरी वाचलं आणि ठरवलं, आपणही करायचं. वाटाणा नको, महिनाभर कोण थांबणार? मटकी. मटकीला मोड कसे आणायचे ते मी तुम्हाला सांगायला नको. मिसळीच्या गावात राहतो आपण. (मिसळ खायला हल्ली झोपाळे, कारंजी, ससे कशाला लागतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा. तर्री गरम हवी, पाव ताजा हवा. झोपाळ्यावर रस्सा सांडतो.)

बुधवारी रात्री मटकी भिजत घातली. गुरुवारी दुपारी दोन वाजता वाटीत ओला कापूस, त्यावर आठ दाणे. वाटी मिक्सरच्या खोक्यात, खोक्याला आतून पांढरा कागद आणि वर एक एलईडी बल्ब. खोकं कशाला? तर खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो, ढग येतो, ऊन येतं, मग फिल्म लुकलुकते. म्हणून उजेड एकच आणि कायमचा. फोनलाही बजावून ठेवायचं की उजेड, फोकस, रंग यातलं काही आपल्या मनाने बदलू नकोस. माझ्या बायकोचा काच तडकलेला जुना फोन चार्जरला लावला आणि डब्यांच्या आधाराने उभा केला. दर १० मिनिटांनी एक फोटो. पुन्हा सांगतो, १० मिनिटांनी एक. तासाला ६, दिवसाला १४४. आणि पडद्यावर सेकंदाला २५ फोटो पळतात. म्हणजे अख्खा दिवस सहा सेकंदांतसुद्धा संपतो.

खोक्यावर पाटी: ‘हात लावू नये’.

शुक्रवारी लाईट गेली, पाऊण तास. चार फोटो काळेकुट्ट. भाचीने डोक्याला हात लावला. पण ते निस्तरता येतं, शेजारचाच फोटो चारदा वापरायचा. खरी गंमत शनिवारी झाली.

आमची आई पहाटे उठते. अंघोळ, तुळशीला पाणी, मग देवपूजा. चष्मा देव्हाऱ्यापाशी असतो, म्हणजे तोवर डोळ्यांवर नसतोच. तर ही तांब्या घेऊन ओट्यापाशी आली, खोक्यात दिवा दिसला, वाटीत मटकी दिसली. म्हणाली, ‘अगं बाई, कोरडं पडलंय सगळं.’ आणि चार बोटांनी पाणी शिंपडलं. नेमकं त्याच क्षणी फोनने फोटो काढला. सात वाजायला दहा मिनिटं कमी. दहा मिनिटांत एकदाच डोळा उघडणारा तो फोन, आणि आईचा हात खोक्यात असेल दोन सेकंद. तेवढ्यात सापडली!

रविवारी दिवेलागणीला भाचीने फोन काढला. ४६१ फोटो. सगळे लॅपटॉपवर ओळीने लावले आणि चालवले. दाणे फुगतायत, साल फाटतंय, पांढरं शेपूट वळवळत कापसात शिरतंय. आणि मध्येच, फट्, एक हात. पापणी लवली तर दिसायचा नाही. त्यानंतर एक दाणा टुणकन उडून दुसऱ्या कडेला, कारण पाण्याने तो घरंगळला होता. भाची रडकुंडीला आली. आईला कळेना की आपलं काय चुकलं. म्हणाली, ‘पाणी घातलं नसतं तर वाढली असती का गं ती?’ याला कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण कापूस खरंच सुकला होता.

आता संगीत. भाची पेटी वाजवते, गांधर्वच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंत झालंय. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे आपल्या पंचवटीत येऊन राहिले, तेव्हा पेटीचा आवाज या भागाला नवा नाही. तिच्या वर्गातला एक मुलगा तबला वाजवतो. दोघं फिल्मला त्रिताल लावायला बसली. साड्यांचं कपाट सताड उघडलं आणि त्याच्यासमोर तबला मांडला, म्हणजे खोलीचा घुमारा साड्यांनी खाल्ला. स्टुडिओवाले यासाठी हजारो रुपये घेतात. मुलाने हिशोब केला. तीन दिवसांचे फोटो ४३२, त्रितालाच्या मात्रा, म्हणजे ठोके, १६. ४३२ भागिले १६, बरोबर २७! मात्रेला २७ फोटो, म्हणजे सेकंदाहून किंचित लांब मात्रा. पूर्ण फिल्म म्हणजे त्रितालाचं एक ठाय आवर्तन, एक संथ फेरी.

आणि मग तो म्हणाला, ‘आजींचा हात काढू नकोस. खालीवर आण.’

श्रोतेहो, त्रितालातली नववी मात्रा म्हणजे ‘खाली’, तिला टाळी नसते. तिथे हात उघडा करून बाजूला हलवतात. धा तिं तिं ता. खाली म्हणजे रिकामा हात. आईचा हात होता २४६ व्या फोटोत. पहिले २९ फोटो असेही निरुपयोगी होते, दाणे नुसते पडून. ते कापले. राहिले ४३२, आणि हात आला २१७ व्यावर. नववी मात्रा तिथेच सुरू होते. मी स्वतः कागदावर मांडून पाहिलं, बरोबर आहे.

तबल्याचा डग्गा खालीच्या ‘धा’नंतर गप्प होतो, आणि त्या ‘धा’वरच तो हात चमकून जातो. दाणा उडतो तेही आता तालात.

गोदाघाटावर हल्ली लग्नाआधीची फोटोग्राफी चालते, धुराचे डबे, ड्रोन, नवरीचं वीस फूट लांब कापड. रामकुंडावर आलेल्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. लग्नाचे फोटो काढून मी संसार केला, तरी मला ते बघवत नाही. असो.

कॉलेजच्या कार्यक्रमात फिल्म लावली. लोक खुर्च्यांवर टेकेपर्यंत संपली. सतरा सेकंद! मागून कुणीतरी ओरडलं, पुन्हा लावा. पाच वेळा लावली. तिसऱ्यांदा लोकांना हात दिसला, पाचव्यांदा सगळे खालीची वाट बघत होते.

घरी आईला टीव्हीवर दाखवली. चष्मा लावून, जवळ बसवून. तिने दोनदा पाहिली, मग हात दिसला तिथे थांबवायला लावलं. बराच वेळ बघत राहिली.

‘बांगड्या हिरव्या होत्या माझ्या,’ म्हणाली, ‘काळ्या कशा दिसतायत?’

तिचं बरोबर होतं. बल्ब पिवळसर होता आणि फोनचा रंग भाचीने चुकीच्या जागी अडकवून ठेवला होता. मटकीवर ते कळत नाही, बांगडीवर कळतं. एवढी वर्षं स्टुडिओ चालवून माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

‘पुढच्या वेळी लाल घालते,’ आई म्हणाली.

हरभरे काल रात्री भिजत घातलेत. नमस्कार.