डब्यात काय, हवेत काय

(दृश्य: घोडबंदर रोड, मानपाड्याजवळ. सकाळ.)

सात वाजून वीस मिनिटं. सर्व्हिस रोडच्या कडेला पाच-सहा मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी आहेत. रिक्षा, टीएमटीच्या बस, डंपर अगदी अंगाला घासून चालल्यात. उरणच्या बंदराकडून गुजरातला निघालेले कंटेनरही ठाण्यातून याच रस्त्याने जातात. सगळ्यात पुढे उभी असलेली ती लहान मुलगी बघा. शेजारी उभ्या तिच्या आजोबांपेक्षा तिचं नाक सायलेन्सरच्या कितीतरी जवळ आहे. शिवाय वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं.

(दृश्य: खिडकीच्या ग्रिलवरून फिरणारं बोट.)

काल संध्याकाळी पुसलेली ही ग्रिल. बोटाला लागलेलं काळं चोळून बघितलं तर तेलकट लागतं. हे निदान डोळ्यांना दिसतं. पीएम अडीच, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान, ते थेट फुफ्फुसात खोल उतरतात.

या धुराने खोकला येतो, दमा बळावतो, हे आपल्याला माहीत आहे. मुलांच्या वाढत्या वजनाशी मात्र त्याचा संबंध कुणी लावत नाही. दवाखान्यात लठ्ठ मूल वजनकाट्यावरून उतरायच्या आत आईला विचारलं जातं, ‘डब्यात काय देता? मोबाइल किती वेळ?’ ती बिचारी मान खाली घालते. प्रश्न योग्यच आहेत. पण सगळा दोष तिच्या एकटीच्या पदरात टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण चीनमधला हा प्रयोग. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. बीजिंगमध्ये गाभण उंदरांचे दोन गट केले. एका गटाला शहराची हवा जशीच्या तशी, दुसऱ्याला तीच हवा गाळून. खाणं दोघांचं एकच. पिल्लंही त्याच हवेत वाढली. आठ आठवड्यांनी धुरातली पिल्लं जास्त वजनाची भरली: माद्या १० टक्क्यांनी, नर १८ टक्क्यांनी. शरीरात सूज धरली होती. अशी आतली, न दिसणारी सूज टिकून राहिली की इन्सुलिनचं काम बिघडतं, चरबी साठायला लागते.

ते उंदीर होते, हे खरं. पण न्यूयॉर्कमध्ये गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणाऱ्या छोट्या बॅगा दिल्या होत्या. इंधन अर्धवट जळताना निघणारी रसायनं ज्यांच्या श्वासात सर्वांत जास्त गेली, त्यांची मुलं सात वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणाची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. कॅलिफोर्नियात २,३१८ मुलांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या वर्षी वाहनांचा धूर जास्त मिळालेल्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दहाव्या वर्षी जवळपास एक अंकाने जास्त होता.

याने धूरच लठ्ठ करतो असं सिद्ध होत नाही. हमरस्त्याला लागून घर असलं की मूल खाली खेळायलाही कमी उतरतं; त्याचाही वाटा असणारच. सगळ्याच अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. पण इतक्या ठिकाणी एकाच दिशेला बोट दाखवलं जात असेल, तर तिकडे बघायला हवं. पीएम अडीचची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ सांगते.

(दृश्य: सोसायटीचं मागचं गेट. गुलमोहर. शांत गल्ली.)

हमरस्त्यापासून दीड-दोनशे मीटर आत आलं की वाहनांचा ताजा धूर बराच विरतो. हे गेट साधारण तेवढंच आत आहे. बस इथे थांबावी म्हणून मुलांच्या आयांनी शाळेला अर्ज दिलाय. वळण अरुंद आहे, बघतो, असं बसवाले म्हणालेत.

(दृश्य: पुन्हा सर्व्हिस रोड.)

सात बत्तीस. बस अजून आलेली नाही. पुढच्या त्या मुलीने रुमाल नाकाला लावलाय.