मालगाडीची वॅगन, सत्त्याऐंशी पट लहान

श्रोतेहो, नमस्कार.

रेल्वेच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांकडे गेलात की काचेच्या कपाटात पुढच्या रांगेत इंजिनं मांडलेली दिसतात. मालगाडीचे डबे मागे, एकमेकांना खेटून. मला हा अन्याय वाटतो. इंजिन हुबेहूब करायला चांगले फोटो आणि चिकाटी असली की बरंच भागतं. वॅगन करायची तर तिच्यात काय भरतात, ते उतरवतात कसं, रिकामी झाल्यावर ती जाते कुठे, हे सगळं आधी माहीत असावं लागतं. म्हणून आज एकाच वॅगनबद्दल बोलतो. तिचं नाव बॉक्सएन.

नाव ऐकलं नसेल, पण ती पाहिली नक्की असेल. एकलहरे, दीपनगर, कोराडी, चंद्रपूर, अशा आपल्याकडच्या औष्णिक वीज केंद्रांत रेल्वेने कोळसा येतो तो हिच्यातून नाहीतर हिच्याच भावंडांतून. वर छप्पर नाही, पत्र्याच्या उंच भिंती, बाहेरून उभ्या पट्ट्यांचा आधार. केंद्रात पोचल्यावर टिपलर नावाचं यंत्र अख्खी वॅगन कवेत घेऊन कुशीवरून पालथी करतं आणि कोळसा खालच्या खड्ड्यात ओततं. त्यामुळे आतला पत्रा खरवडलेला, गंजलेला, ठिकठिकाणी पोचे पडलेला असतो. प्रतिकृतीत आतून नवाकोरा रंग दिसला की समजावं, करणाऱ्याने वॅगन फक्त फलाटावरून पाहिली आहे.

आता थोडं गणित. खरी बॉक्सएन कपलिंगसकट १०.७१३ मीटर लांब. रिकामी साधारण साडेबावीस टन, भरलेली ८१.२८ टन. प्रतिकृतींचं जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एच.ओ., म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं असेल तर तिथल्या गाड्या याच प्रमाणातल्या. लांबीला ८७ ने भागलं की येतात १२३ मिलिमीटर. वजनाचं मात्र तसं नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून वजनाला ८७ ने तीनदा भागायचं. भरलेल्या वॅगनचे होतात १२३ ग्रॅम. लांबीचा आणि वजनाचा आकडा एकच यावा हा निव्वळ योगायोग. आणि रिकामीचे? अवघे ३४ ग्रॅम.

खरी गंमत इथेच आहे. ३४ ग्रॅमची वॅगन टेबलावरच्या रुळांवर टिकत नाही. सांध्यावर उडते, वळणावर आत ओढली जाऊन आडवी होते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एच.ओ.साठी शिफारस अशी, की मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस एवढं वजन ठेवावं. त्या हिशेबाने आपल्या बॉक्सएनला ९७ ग्रॅमच्या आसपास वजन हवं, म्हणजे रिकामीच्या जवळजवळ तिप्पट. बंद वॅगन असेल तर शिशाचा तुकडा आत चिकटवला की काम झालं. उघड्या वॅगनमध्ये तो लपवणार कुठे? कोळशाखाली! त्यामुळे बहुतेक मांडण्यांवर कोळशाची गाडी जाताना भरलेली आणि येतानाही भरलेलीच. वीज केंद्रातून खाणीकडे कोळसा परत चाललाय, असं ते दृश्य. ज्याला हे खुपतं तो वॅगनचा तळच धातूचा करून घेतो, आणि तो लपत नसेल तर चाकांच्या मधल्या जागेत वजन दडवतो. खर्चिक काम आहे, पण मी त्याच्या बाजूचा.

रुळांची अडचण वेगळीच. युरोप-अमेरिकेत दोन रुळांमधली प्रमाण रुंदी १४३५ मिलिमीटर. ८७ ने भागली की साडेसोळा. बाजारातले सगळे रूळ तेच. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. साडेसोळावर उभी केलेली बॉक्सएन समोरून पाहिली की पाय जवळ घेतल्यासारखी दिसते. काही हट्टी मंडळी रूळ स्वतः घालतात, पण मग गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा बाजारातला एकही तयार सांधा त्यांच्या कामाचा नाही. बहुतेक जण साडेसोळावरच चालवतात आणि फोटो बाजूने काढतात.

जागेचंही तसंच. ५८ वॅगनचा रेक, म्हणजे जोडलेली अख्खी गाडी, सव्वासहाशे मीटरच्या घरात जातो, प्रतिकृतीत सात मीटरहून थोडा जास्त. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही. त्याचे झाले दोन मीटर. वन-बीएचकेत हे बसत नाही. मग दहा-बारा वॅगन जोडायच्या, आणि शेवटी गार्डाचा डबा मात्र हवाच. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, डब्याला अजून कुणी मॅनेजरचा डबा म्हणत नाही.

करायला बसणाऱ्यांना माझं सांगणं, वॅगनच्या अंगावरची अक्षरं सोडू नका. मध्य रेल्वेची असेल तर ‘म रे’. मग अकरा आकडी क्रमांक : पहिले दोन वॅगनच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून काढलेला, नोंदवताना चूक झाली तर पकडण्यासाठी. म्हणजे वाटेल ते अकरा आकडे रंगवले, तर जाणकार बोट ठेवतो. शिवाय बाजूला एक हँडल असतं, भरलेली आणि रिकामी अशा दोन स्थितींचं. रिकाम्या वॅगनला ब्रेक भरलेलीइतकाच जोरात लागला तर चाकं जागच्या जागी अडकून रुळावर घसटत जातात, म्हणून ते बदलावं लागतं. कोळसा भरलेल्या प्रतिकृतीवर हे हँडल ‘रिकामी’कडे दाखवलेलं मी अनेकदा पाहिलंय. ते फिरवायला चिमटा आणि गोंदाचा एक थेंब पुरतो.

नमस्कार.