दोन भाषा जाणणारा स्वयंसेवक

श्रोतेहो, नमस्कार. महाविद्यालयांत आणि विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांनी आपल्या गावासाठी काय करावे, याविषयी आज मी बोलणार आहे.

बेळगावात स्वयंसेवेची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या मोठ्या मेळाव्यात डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या तरुण स्वयंसेवकांनी मनापासून राबून काम केले. पुढे १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांच्या कामाची आणि एका सात दिवसांच्या शिबिराची अपेक्षा असते. शिबिरात गटारे साफ होतात, रोपे लागतात, आणि ते काम मोलाचेच आहे. मात्र सीमाभागातल्या विद्यार्थ्यापाशी गावाला बारा महिने उपयोगी पडेल असे आणखी काही आहे: त्याला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात.

खानापूर तालुक्यातली किंवा बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली साठी-सत्तरीची मराठी माणसे शाळेत गेलीच असतील, तर बहुधा मराठी शाळेत गेली. त्यांच्या हाती येणारा अर्ज किंवा स्थानिक महसूल कार्यालयाचे, म्हणजे नाडकचेरीचे, पत्र मात्र कन्नडमध्ये असते. भाषेच्या हक्काचा प्रश्न मोठा आहे आणि तो मांडत राहिलेच पाहिजे. पण कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या संध्या सुरक्षा योजनेचे निवृत्तिवेतन थांबलेल्या आजीला उत्तर याच महिन्यात हवे असते.

तिचे कागद समोर घेऊन बसले की अडचण कळते. रेशन कार्डावर ‘पारूबाई’, आधार कार्डावर ‘पार्वती’, पासबुकात आडनावच वेगळे. आणि जन्मभर भातलावणीत राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. घरातल्या कर्त्या स्त्रीसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये असोत की निवृत्तिवेतन, आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे यायचे तर या नोंदी जुळाव्या लागतात. म्हणून हे कागद शांतपणे ताडून पाहणारा, कोणती दुरुस्ती कुठे होते याची चौकशी करणारा, भरलेला प्रत्येक रकाना आजीला मराठीतून वाचून दाखवणारा आणि शेवटी पोचपावती तिच्याच पिशवीत ठेवणारा विद्यार्थी तिला हवा असतो. पोचपावती हरवली की पुढे दाद मागणे फार कठीण होते, हे मी मुद्दाम सांगतो.

हे काम विश्वासाचे आहे. कोणाच्याही पासबुकाचे छायाचित्र आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नये, आणि आजींच्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांच्यासमोरच वापरावा, तोही कशासाठी हे त्यांना सांगून.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांकाठी घरांतला चिखल उपसायला तरुण धावून गेले, याचा मला अभिमान वाटतो. पण अशा संकटात पाणी ओसरल्यावर भिजलेले उतारे, पडक्या घरांचे पंचनामे आणि भरपाईचे अर्ज यांची धावपळ कित्येक महिने चालते, आणि तोवर मदतीला आलेली गर्दी पांगलेली असते. त्या काळात पूरग्रस्त कुटुंबाला एखादा नेमाने येणारा विद्यार्थी मिळाला, तर त्या कुटुंबाचे हेलपाटे वाचतात.

तेव्हा विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एकच गाव निवडा. ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना, आधी भेटून परवानगी घ्या, आठवड्याच्या बाजारादिवशी पंचायतीच्या पडवीत ठरलेल्या वेळी बसा, आणि आलेल्या प्रत्येकाचे काम कुठवर आले याची नोंद वहीत ठेवा. परीक्षा जवळ आली की ती वही धाकट्या वर्गातल्या कोणाकडे तरी सोपवा, म्हणजे अर्धवट राहिलेले अर्ज पुढे सरकत राहतील. नमस्कार.