वजनकाट्याला न दिसणारे श्रम

श्रोतेहो, नमस्कार.

नेमाने सकाळी फिरायला जाणारी कितीतरी माणसे महिन्याभराने वजनकाट्यावर उभी राहतात, काटा जागचा हललेला नाही असे पाहतात आणि दुसऱ्या दिवसापासून फिरणे सोडून देतात. हा निर्णय घाईचा आहे आणि नुकसानीचाही आहे. शरीराच्या हालचालीतून हृदयाला जे संरक्षण मिळते, ते वजन उतरण्यावर अवलंबून नसते. हे वाक्य आज मी पुन्हा सांगणार आहे, पण त्याआधी त्याचा पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांत कसा सापडला, ती हकीकत ऐका.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती आणि तिचे कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस हे डॉक्टर त्या शोधाला लागले. युद्धकाळात ते लष्करी वैद्यकीय सेवेत हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होते. माणूस दिवसभर कोणते काम करतो याचा या रोगाशी काही संबंध असावा, अशी शंका घेऊन त्यांनी निरनिराळ्या व्यवसायांतल्या कामगारांची माहिती जमवली, आणि पहिला स्पष्ट निष्कर्ष आला तो लंडनच्या वाहतूक कामगारांकडून.

त्या बसगाडीवर दोन माणसे असत, चालक आणि कंडक्टर. दोघे एकाच संस्थेचे नोकर, एकाच शहरात राहणारे, साधारण सारख्याच परिस्थितीतले. फरक एवढाच, की चालक पाळीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसून काढी, आणि कंडक्टर तिकिटे फाडण्यासाठी दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. मुंबईच्या जुन्या दुमजली गाड्या 2023 च्या सप्टेंबरात बंद झाल्या. त्यांच्या अरुंद, वळणाच्या जिन्यावरून चालत्या गाडीत ज्यांनी चढउतार केली आहे, त्यांना हे काम किती दमवणारे असेल हे वेगळे सांगायला नको. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे 31,000 पुरुष कामगारांची आकडेवारी तपासल्यावर दिसले, की कंडक्टरांना हृदयविकार कमी प्रमाणात होत होता, आणि झाला तरी झटक्यानंतर लवकर दगावण्याचे प्रमाण चालकांमध्ये सुमारे दुप्पट होते. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. चालत आणि सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टेबलापाशी बसणारे टपाल खात्यातील कारकून यांच्यातही मॉरिस यांना तसाच फरक आढळला.

आता चोखंदळ श्रोता विचारील, की मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील आणि सडपातळ माणसे कंडक्टर होत असतील, तर जिन्याचे श्रेय कशाला द्यायचे? नेमका हाच प्रश्न मॉरिस यांनी स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांनी जिथे शोधले, ते मला या सगळ्या हकीकतीत सर्वांत आवडते. संस्था कामगारांना गणवेश पुरवीत असे आणि प्रत्येकाच्या विजारीचे कंबरेचे माप दप्तरात लिहिलेले होते. मॉरिस यांनी ती मापे मिळवली. चालकांच्या कंबरा खरोखरच मोठ्या निघाल्या, म्हणजे शंकेत तथ्य होते. पण नंतर त्यांनी सडपातळ चालकांची तुलना सडपातळ कंडक्टरांशी, मध्यम बांध्याच्यांची मध्यम बांध्याच्यांशी आणि जाड्यांची जाड्यांशी केली, तेव्हा प्रत्येक गटात अचानक मृत्यूचे प्रमाण कंडक्टरांमध्येच कमी होते. 1956 सालच्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की जाड कंडक्टरलाही जिन्याने संरक्षण दिले होते. म्हणून पुन्हा सांगतो: हालचालीतून हृदयाला मिळणारे संरक्षण वजन उतरण्यावर अवलंबून नसते.

मॉरिस यांनी हे निष्कर्ष पुरुषांवरून काढले. बायकांचे पाणी भरणे, झाडणे, पुसणे, जिन्यावरून धान्याचे डबे नेणे यांना श्रम म्हणून मोजावे असे शास्त्राला पुष्कळ काळ वाटले नाही, आणि आपल्या घरांतही ते अजून वाटत नाही, याची मला फार खंत आहे. दुसरी तक्रार वास्तुविशारदांकडे आहे. नव्या इमारतीत लिफ्ट दर्शनी भागी असते आणि जिना मात्र जड दरवाज्यामागे, अंधारात. जिना उजेडात आणला तर लोक तो आपणहून चढतील.

हालचालीवर खर्च होणारी ऊर्जा आकड्यांत मांडण्याचे काम अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर या संशोधकांनी केले. आठवड्याला 2,000 किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा हालचालींवर खर्च करणाऱ्या हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 64 टक्क्यांनी अधिक आढळला. महाविद्यालयात खेळाडू असलेल्यांनी पुढे व्यायाम सोडला, तर जुन्या पदकांचा त्यांना उपयोग झाला नाही.

मग वजन का उतरत नाही? हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड अणू असलेले पाणी प्यायला देऊन, ते लघवीतून किती वेगाने कमी होतात हे पाहून, माणसाने एरवीच्या जीवनक्रमात किती ऊर्जा वापरली ते आता मोजता येते. हर्मन पोन्ट्झर या मानवशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा लोकांमध्ये असे मोजमाप केले. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या या लोकांतले पुरुष दिवसाला सुमारे अकरा किलोमीटर चालतात. तरीही शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्च शहरी अमेरिकनांएवढाच भरला. हे 2012 साली प्रसिद्ध झाले. पोन्ट्झर यांचे स्पष्टीकरण असे, की ठरलेल्या पगारात घर चालवणारी गृहिणी एका बाबीवर अधिक पैसे गेले की दुसरीकडे हात आखडता घेते, तसे शरीरही चालण्यावर वाढलेला खर्च अन्यत्र भरून काढते. ही काटकसर शरीरात अकारण धुमसणारा दाह आणि ताणाला मिळणारा अतिरेकी प्रतिसाद यांवर होत असावी, आणि व्यायामाचा लाभ अंशतः तिथून येत असावा, असे त्यांचे अनुमान आहे. ही भरपाई किती होते आणि सर्वांमध्ये सारखी होते का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. हाड्झांचे रक्तदाब मात्र उतारवयातही फारसे चढलेले दिसत नाहीत, आणि त्याच लोकांच्या ऊर्जाखर्चाचा एकूण आकडा आपल्यासारखाच आहे.