काळोख राखणारी चार गावं
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: सिल्लारी गावातला रस्ता, तिन्हीसांजेची वेळ. खांबावरचा दिवा लागतो.]

हा दिवा जरा निरखून पाहा. रस्त्यावर भरपूर उजेड आहे. चालणाऱ्याला खड्डा दिसतो, कुंपणाशी बसलेलं कुत्रं दिसतं. पण दिव्याच्या वर काहीच नाही. त्याचं तोंड सरळ जमिनीकडे आहे, त्यामुळे आभाळाकडे उजेड सांडत नाही.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला लागून असलेली ही गावं. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा. इथले रस्त्यावरचे आणि सार्वजनिक जागांवरचे शंभरावर दिवे असे बदलले गेले. आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेलं हे भारतातलं पहिलं ठिकाण, आशियातलं पाचवं.

लडाखमधल्या हानलेचं आकाश मोठं देखणं आहे, यात शंका नाही. पण ते साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. पेंचला यायचं तर नागपूर गाठायचं आणि पुढे गाडीनं दोनेक तास. म्हणूनच पेंचची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. इथला काळोख दुर्गम डोंगरांनी आयता दिलेला नाही, माणसांनी ठरवून राखलेला आहे.

[दृश्य: मचाणाकडे जाणारी पायवाट. लाल प्रकाशाची विजेरी.]

वनखात्यानं आकाशदर्शनासाठी ठरवून दिलेल्या मचाणावर आपण पोचलोय. हे वाघाचं जंगल आहे. रात्री इथे वाटेल तिकडे फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मोबाइल आता खिशात जाऊ द्या. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एकदा स्क्रीनकडे पाहिलं की सगळं पहिल्यापासून. लाल उजेड त्यातल्या त्यात चालतो, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींना तो फारसा जाणवत नाही.

[दृश्य: आग्नेय क्षितिज. मार्च महिना, मध्यरात्र उलटून गेलेली.]

झाडांच्या शेंड्यांवर वृश्चिक उगवतोय. आधी अनुराधा, मग तांबूस ज्येष्ठा. त्यानंतर दीडेक तासात नांगीचा आकडा बाहेर येतो, त्यातच मूळ नक्षत्र. त्या नांगीच्या आणि मागून येणाऱ्या धनू राशीच्या मधल्या भागात आपल्या आकाशगंगेचा केंद्रभाग आहे, पृथ्वीपासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. त्या दिशेला ताऱ्यांची एवढी दाटी आहे की ते सुटे दिसतच नाहीत, नुसता फिकट पट्टा दिसतो. पट्ट्यामध्ये जे काळे डाग दिसतात, तिथे तारे नाहीत असं नाही. मध्ये धुळीचे प्रचंड ढग आहेत, ते मागचा उजेड अडवतात.

आता एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. फोटोत दिसते तशी निळी-जांभळी, गुलाबी आकाशगंगा डोळ्यांना दिसत नाही. दंडपेशींना रंग कळत नाहीत, म्हणून आपल्याला ती करडी, दुधट दिसते. कॅमेरा मात्र वीस सेकंद प्रकाश साठवत राहतो आणि हायड्रोजनच्या ढगांचा गुलाबी रंगही पकडतो. म्हणून फोटो खोटा ठरत नाही. रंग तिथे आहेत, आपले डोळे तोकडे पडतात. पण दुसऱ्याच रात्रीचं, दुसऱ्याच जागेचं आकाश आणून या झाडांवर चिकटवायचं आणि ते सांगायचं नाही, हे मात्र मला मुळीच पटत नाही. आकाश जसं त्या जागेचं, तसं ते त्या वेळेचंही असतं.

[दृश्य: ट्रायपॉडवर कॅमेरा. स्क्रीनवर एकच तारा, मोठा करून.]

सगळ्यात जास्त वेळ जातो तो फोकसला. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून तो बंद करायचा. स्क्रीनवर ज्येष्ठा दहापट मोठी करायची आणि लेन्सची रिंग अगदी केसभर फिरवायची. सुरुवातीला पसरट, धूसर चकती दिसते. ती आकसत जाते, आणखी आकसते, एका क्षणी टोकदार ठिपका होते, आणि रिंग जरा पुढे गेली की पुन्हा फुगते. पुन्हा मागे यायचं. तो ठिपका सापडला की रिंगवर चिकटपट्टी लावायची आणि मग तिला हात लावायचा नाही.

बाकीचं त्या मानानं सोपं आहे. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, २.८ किंवा लेन्स उघडेल तेवढं; आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ३२००; फाइल रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, ते पृथ्वी ठरवते. ती चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे जास्त थांबलो की ताऱ्यांच्या रेघा होतात. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागायचं, हा जुना हिशोब. २० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ सेकंद. सेन्सर लहान असेल तर सोळा-सतराच. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हेही जास्त होतं, म्हणून थोडं कमीच ठेवावं.

एका फोटोत दाणे फार दिसतात. त्यावर उपाय म्हणजे तेच दृश्य लागोपाठ टिपायचं आणि नंतर सगळे फोटो एकावर एक जुळवायचे. सोळा फोटो जुळवले की दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात.

रेघाच हव्या असतील तर कॅमेरा उत्तरेला वळवा. ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंशांवर आहे, कारण ध्रुवाची उंची म्हणजेच त्या जागेचा अक्षांश. दोन-तीन तास फोटो घेत राहिलं की सप्तर्षी त्याच्याभोवती कमानी काढतात.

[दृश्य: दक्षिण क्षितिज. झाडांमागे पिवळट उजेड.]

हा उजेड चंद्राचा नाही. दक्षिणेला, थोडं पश्चिमेकडे, नागपूर आहे. उगवताना वृश्चिक-धनू आग्नेयेला असतात तोवर ठीक. पहाटेकडे ते दक्षिणेला सरकतात, तेव्हा आकाशगंगेचा खालचा भाग या उजेडाच्या दिशेला जाऊ लागतो. इतकं अंतर ओलांडून शहराचे दिवे फोटोत उतरतात. लेन्स कितीही महागाची घ्या, त्यावर तिचा इलाज चालत नाही. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. तोच दिवा पिवळसर, झाकलेला आणि खाली तोंड केलेला असेल, तर रस्ता तेवढाच उजळतो आणि आभाळ वाचतं. वीजही वाचते. दिव्याभोवती फिरून फिरून मरणारे पतंग वाचतात.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था सुरू झाली १९४४ साली. आज मुंबई-पुण्यातल्या आकाशनिरीक्षकांना एका रात्रीच्या काळोखासाठी गाड्या करून शहराबाहेर जावं लागतं. शहरात वाढणाऱ्या मुलांनी आकाशगंगा फक्त पडद्यावर पाहावी, हे मला फार लागतं.

[दृश्य: महिन्यांनुसार बदलणारं आकाश, टाइमलॅप्स.]

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. आकाशगंगेचा केंद्रभाग रात्रभर दिसावा असे महिने म्हणजे जून-जुलै, आणि तेव्हा आभाळ भरलेलं. त्यामुळे मार्च ते मे हाच खरा हंगाम. मार्चमध्ये पहाट, मेमध्ये रात्री दहानंतर. अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस धरावेत. पाऊस सरला की ऑक्टोबरअखेरीस, अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला तास-दीड तास आणखी मिळतो. तेव्हा हवा धुतलेली असते, पण दव पडतं. लेन्सवर ते जमू नये म्हणून हीटरची पट्टी लागते.

आणि नोव्हेंबर लागला की धनूचा नाद सोडून थेट डोक्यावर, किंचित उत्तरेला पाहा. देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका, ५० मिलिमीटरची लेन्स आणि आठ सेकंद दिले की लांबट, तिरकी वाटी. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला हा प्रकाश टिपायला साधा कॅमेरा आणि एक ट्रायपॉड पुरतो, जवळपास उघडा दिवा नसला म्हणजे झालं.